म्हणे

चार नंबरच्या खाटेवर यालचिन, वय चौतीस.
हेझलनट झोडताना उतारावरून पाय सुटला,
खाली दगडी बांध.
परवा रात्री दोन चाळीसला दोन डॉक्टरांच्या सह्या झाल्या.
वेळ मी लिहिली. आकडे नीट काढले,
कारण तीच त्याची वेळ, कायद्यानं.

आमच्या तुर्कीत क्रियापदाला एक शेपूट असतं,
स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसेल तेव्हा लावायचं.
वरच्या गावात बर्फ पडलं म्हणे.
आयतेनला मुलगी झाली म्हणे.
पाहिलं असेल तर शेपूट नको.

मी तर सगळं पाहिलं.
टॉर्च मारला, बाहुल्या तशाच मोठ्या, तशाच थिजलेल्या.
कानात बर्फाचं पाणी सोडलं,
डोळे तसूभर हलले नाहीत.
मग व्हेंटिलेटर सोडवून
दहा मिनिटं आम्ही पाच जण
एका छातीकडे बघत उभे.
मीही श्वास धरला होता, का ते ठाऊक नाही.
पन्नास सेकंदांत हरले.

आणि सकाळी ड्यूटी सोपवताना
बेरफिनला म्हणाले, ‘चार नंबर... मेला म्हणे.’
तिनं फाइलवरून मान वर केली.
नवी आहे. व्याकरण अजून पक्कं आहे तिचं.

मार्चमध्ये विद्यापीठातून एक मुलगी आली होती फॉर्म घेऊन.
मेंदू मृत झालेला माणूस मृत असतो का? होय.
तो कोमात असतो का? नाही.
बरा होऊ शकतो का? नाही.
वीसपैकी वीस. वर तिला चहाही पाजला.
तिच्या कागदावर हे नव्हतं:
कूस बदलताना त्याला आधी सांगता का?

सांगते.
‘यालचिन, डावीकडे वळवतेय हं.’
‘थोडंसं टोचेल.’
अकरा वर्षांची जीभ आहे,
तिला मेंदू लागत नाही.

तासाला लघवी मोजते, अर्धा लिटर, पाण्यासारखी.
मीठ बघते, दाब बघते, गरम हवेची चादर सारखी करते.
जिवंतांसाठी इतकी धावपळ
मी क्वचितच केली असेल.

अंग पुसताना त्याचा उजवा हात
आपणहून वितभर वर आला,
आणि पडला.
हव्वामावशी दारातच होती.
मी घाईनं म्हणाले, हा नुसता कणा, मावशी,
कण्याची जुनी खोड, त्याला खबर पोचलेली नाही.
इथवर ठीक होतं.
पुढे तोंडातून निघून गेलं:
‘बाकी तो मशीनवर जगतोय.’

‘जगतोय?’

खोलीत फक्त भात्याचा आवाज. मिनिटाला चौदा.
मी शब्द परत घ्यायला बघत होते,
शब्द काय, लघवीची पिशवी आहे, काढली आणि बदलली?

मावशीनं त्याचा हात हातात घेतला.
गरम होता. मीच ठेवला होता गरम.
पुष्कळ वेळ ती नखांतली माती बघत राहिली,
जी मी दोनदा घासूनही गेली नव्हती.
‘मेला,’ ती म्हणाली.
शेपूट न लावता.
कुठलीही तपासणी न बघितलेली बाई.

मग माझ्याकडे न बघता:
‘तर मग टोचेल म्हणून का सांगतेस त्याला?’

मला उत्तर आलं नाही.
तिला ते हवंही नसावं.
मूत्रपिंडं द्या म्हणाली, यकृत द्या,
डोळे नकोत. का ते विचारू नका.
सही येत नव्हती. अंगठ्याची शाई
तिनं पदराला नाही, भिंतीला पुसली.
अजून आहे तिथे, स्विचच्या खाली.

पहाटे त्याला वर न्यायचं ठरलं.
खिडकीबाहेर काळा समुद्र, खरंच काळा,
बंदरात एक जहाज दिवे लावून उभं.
मी, बेरफिन आणि भूल देणारे जेवदेतबे,
एक सिलिंडर, चार पंप.
लिफ्टच्या उंबऱ्याशी चाक अडलं.

‘थोडा धक्का बसेल हं,’ मी म्हणाले.

जेवदेतबेंनी माझ्याकडे पाहिलं.
बेरफिननं खाटेखालून जोर लावला,
आणि चाक, एकदाचं, आत आलं.